दोन्ही बाह्या

पाळकसाहेबांनी हंगामाची अर्पणं पुढे आणायला सांगितली, तशा रेबेकाबाई बायकांच्या जाजमावरून सगळ्यांच्या आधी उठल्या. सुपात बाजरी होती, बाजरीवर अंडी होती. सूप कमरेवर घेऊन जाता आलं असतं. पण त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे धरलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि चर्चच्या मधल्या वाटेनं करवलीच्या चालीनं निघाल्या. बाजरी नुसती निमित्ताला होती. दाखवायच्या होत्या त्या बाह्या.

पोलकं निळं. कोपराच्या जरा वर दोन बोटं रुंद लाल पट्टी जोडलेली, आणि जोडावरून पिवळ्या दोऱ्याचा साखळीटाका.

ही पट्टी मुळात दयाची. दया म्हणजे याकोब गाडीवानाची बायको, गेल्या वर्षी मिरजगावाकडून गावात आलेली. घरात मशीन नाही, कात्रीसुद्धा उसनी. तरी दर रविवारी ती रेबेकाबाईंच्या डावीकडे येऊन बसे आणि तिच्या उजव्या बाहीवरची ती लाल पट्टी बरोबर रेबेकाबाईंच्या डोळ्यांखाली येई. प्रार्थनेला सगळे दोन्ही डोळे मिटत. रेबेकाबाई एक मिटत. शेजाऱ्याच्या बैलाचा किंवा गाढवाचा लोभ धरू नये हे त्यांना लहानपणापासून पाठ होतं आणि त्यांनी तो कधी धरलाही नव्हता. शेजारणीच्या बाहीबद्दल वेगळं काही कोणी सांगितलं नव्हतं.

गावातल्या झाडून सगळ्या ख्रिस्ती बायकांची पोलकी आजवर रेबेकाबाईंच्या हातमशीनवर शिवली गेली होती. पण पाळकसाहेबांच्या विजयमालेचं लग्न ठरलं आणि लग्नाची पोलकी कोणाकडे टाकायची, ते काही केल्या ठरेना. गेल्या रविवारी तर विजयमालेनं चर्चच्या दारात दयाची बाही चिमटीत धरून, ‘काय नवीन काढलंय,’ असं म्हटलं. रेबेकाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून आपलं नवं पोलकं काढलं. कंट्रोलच्या दुकानासमोर उन्हात उभं राहून मिळवलेलं, वर्षाच्या रेशनचं कापड. बाह्या चांगल्या कोपरापर्यंत पुऱ्या होत्या. त्या त्यांनी कापल्या. लाल पट्टीसाठी लग्नातल्या लुगड्याचा आतल्या बाजूचा काठ कापला. त्यांच्या यजमानांनी, कृपादान मास्तरांनी, चष्मा वर करून विचारलं, की अखंड बाही कापून तिला पुन्हा ठिगळ कशाला लावतेस. मास्तरांनी शाळेपुरतं बघावं, असं त्यांना सांगण्यात आलं.

आता टेबलापाशी विजयमालाच उभी होती, अर्पणं उतरून घ्यायला. तिनं सूप घेतलं, बाह्यांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, की ही दयाबाईंचीच तऱ्हा ना.

“कसली दयाबाई,” रेबेकाबाई म्हणाल्या. “नगरला मडमेच्या झग्याला अशीच पट्टी असते. मी कधीची बघतेय.”

एवढ्यात दया आली. तिच्या डोक्यावर भोपळ्यांची पाटी होती आणि पाटीला दोन्ही हात वर लावलेले होते. दयाचा डावा हात गावानं कधी नीट पाहिला नव्हता, कारण तो कायम पदराखाली. आज हात वर गेला, पदर घसरला आणि डावी बाही उघडी पडली.

तिला पट्टी नव्हती. खांद्यापासून कोपरापर्यंत साधी, निळी, अखंड बाही.

दयानं पाटी उतरवली, पदर सावरला, आणि मग तिची नजर रेबेकाबाईंच्या बाह्यांवर गेली. आधी एका, मग दुसऱ्या. तिचा चेहरा कुणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखा झाला.

“अगं बया,” ती हळूच म्हणाली. “माझं एकाच बाहीला कापड कमी पडलं हुतं. तुमाला तर दोनीकडं पडलं, मास्तरीनबाई.”

विजयमालेनं मान खाली घातली आणि खडे लागल्यासारखी सुपातली बाजरी न्याहाळू लागली. मग दयाच्या पाटीतले भोपळे उतरवता उतरवता तिनं विचारलं, की दयाबाई उद्या घरी असतील ना, थोडं कापड दाखवायला आणायचंय.

रेबेकाबाई जागेवर येऊन बसल्या. पदर ओढून बाह्या झाकाव्यात म्हटलं, तर तो कमरेला इतका पक्का खोचलेला, की बसल्या जागी काही सुटेना. दया येऊन नेहमीसारखी त्यांच्या डावीकडे बसली. तिनं त्यांची ओढाताण पाहिली, स्वतःच्या पदराचं टोक सैल केलं आणि त्यांच्या बाहीवर पसरलं.

“आसू द्या,” ती पुटपुटली. “कुनाला दिसत न्हाई.”

पदर जुना होता. मधे एका जागी फाटला होता, तिथं रफू होतं, आणि ते कापडात इतकं मिसळून गेलेलं, की बोटानं चाचपल्याशिवाय कळू नये. रेबेकाबाईंनी बोटानं चाचपलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. रेबेकाबाईंनी एक मिटला.