उष्टा ग्लास

दार उघडायच्या आधी उल्हासने हातमोजे चढवले. भांडी घासायचे, पिवळे, रबरी.

अनुराधाला नवऱ्याची शिसारी आली. दाराबाहेर परेश होता, उल्हासचा शाळेपासूनचा मित्र. आठ महिने याच हॉलमध्ये सोफ्यावर झोपलेला. व्हिसाच्या मेडिकलमध्ये त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. आता मुंबईचं विमान, आणि पुन्हा दुबईला येणं नाही. कंपनीचा माणूस खाली गाडीत थांबला होता.

परेशची बॅग उल्हासने सकाळीच लिफ्टपाशी नेऊन ठेवली होती. त्याची उशी, ताट, चहाचा मग काळ्या पिशवीत कोंबून सगळी फरशी डेटॉलने पुसली होती.

"ताटातून नाही होत रे ते," अनुराधा तेव्हाच म्हणाली होती. "आणि विषाणूची एवढी किळस असेल तर स्वतःचीही कर. तुझ्या-माझ्या डीएनएत आठ टक्के जुने विषाणूच आहेत. लाखो वर्षांपूर्वी घुसले नि घरचे झाले. हा नवा एचआयव्ही आला की त्यांतले काही जागे होतात. एखादा तर नव्याच्याच वाटेत आडवा पडतो. लॅबमध्ये रोज तेच बघते मी."

"खलास! बास झालं. तुझी लॅब तिकडे सिलिकॉन ओएसिसला. घरात लेक्चर नको," उल्हासने तिला तोडलं होतं.

"वहिनी, पाणी मिळेल?" परेशने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

तिने स्टीलचा ग्लास भरून आणला. तो मान मागे टाकून वरून पिऊ लागला. निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

"भावजी, तोंड लावून प्या."

त्याने उल्हासकडे पाहिलं. उल्हास चपलांकडे बघत होता. परेशने ग्लास ओठांना लावला.

"यल्ला, चल, गाडी थांबलीय," उल्हास म्हणाला. परेशने हात पुढे केला, मोजे दिसले तसा मागे घेतला आणि लिफ्टपाशी जाऊन बॅग उचलली.

लिफ्ट गेल्यावर उल्हासने काळी पिशवी तिच्यापुढे धरली. "ग्लास टाक यात."

ग्लासात घोटभर पाणी उरलं होतं. अनुराधाने ते त्याच्यादेखत पिऊन टाकलं. मग ग्लास विसळला, पुसला आणि रॅकमधल्या बाकीच्या पाचांत मिसळून सगळे इकडचे तिकडे केले. लग्नाच्या आहेरातले, सहाही सारखेच.

"घे. ओळख आणि टाक."

उल्हास पिशवी उघडी धरून रॅकसमोर उभा राहिला. मोजे अजून हातातच होते.