निलगिरीची साल

संस्थेच्या आवारात निलगिरीचं एकच झाड होतं आणि त्याची जात कुठली, यावरून वहिनी आणि भाऊजींचं वर्षभर वाजत होतं. एकाच घरातले दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. ज्याचं म्हणणं खरं ठरेल, त्याला विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती.

पानं, कळ्या, फळं बघायची तर उन्हात जावं लागतं. म्हणून हे दोन विद्वान आपापल्या खिडकीतून दिसेल तेवढ्या सालीवरच भांडायचे.

"भाऊजी, मगरीच्या पाठीसारखी खरबरीत साल आहे. आंधळाही सांगेल," तळमजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या.

"वहिनी, बाळाच्या गालासारखी गुळगुळीत आहे. चष्मा बदला," तिसऱ्या मजल्यावरचे भाऊजी म्हणायचे.

निकालाच्या दिवशी वहिनी दिराची जिरवायला तणतणत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. भाऊजींच्या खिडकीतून बाहेर वाकून त्यांनी झाड खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. बुंध्याशी खरबरीत असलेलं झाड वर पार सोललेलं, पांढरंफटक आणि गुळगुळीत होतं.

"भाऊजी, ही तर तिसरीच जात निघाली. तुम्हीही चूक, मीही चूक."

"हळू बोला, वहिनी! खुर्चीही तिसऱ्याच्याच घशात जाईल."

तेवढ्यात संचालक दारात येऊन उभे राहिले. "काय मग, पटली का झाडाची ओळख?"

वर्षभरात पहिल्यांदाच दीर-भावजय एका सुरात बोलले, "साहेब, झाड आतून पोखरलंय. आजच्या आज तोडून टाका."