एक-शून्य

सातारच्या फॉरवर्डचा गुडघा बिरदेवच्या कानशिलावर बसला, तो आवाज मुजीबला मैदानाच्या मध्यापर्यंत ऐकू आला. नारळ फोडावा तसा. तरी बिरदेवनं चेंडू पोटाशी धरून ठेवला होता. तो उठला, कोपराची माती झटकली आणि ठीक असल्याचं पंचांना हातानंच खुणावलं.

मुजीब-बिरदेवच्या सांगलीतल्या कॉलेजनं यंदा एकही सामना जिंकला नव्हता. मिरजेत पाच गोल खाल्ले, इस्लामपुरात सात. पुढच्या वर्षी फुटबॉल बंदच करू, असं प्राचार्य बोलूनही गेले होते. पण आज, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, साईराजनं मारलेला फटका कसा कोण जाणे आत गेला आणि मध्यंतराला ते एका गोलनं पुढं होते.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. बिरदेव मात्र सावकाश चालत जुन्याच गोलकडं गेला आणि दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला. सातारचा गोलकीपर त्याच्यासमोर येऊन थांबला, तेव्हा बघ्यांत हशा पिकला. संघातली पोरंही हसली. कप्तान असलेल्या मुजीबला हसू आलं नाही. पळत जाऊन त्यानं बिरदेवचा दंड धरला आणि त्याला पलीकडच्या गोलकडं घेऊन निघाला.

"डोकं दुखतंय का रं?"

"न्हाई." चार पावलं गेल्यावर बिरदेव म्हणाला, "ऊन लय हाय गड्या."

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं.

कडेला उभ्या असलेल्या आप्पासो सरांनी विचारलं, बाहेर घ्यायचा का त्याला. घेतला तर गोलमध्ये कुणाला तरी नुसतं उभं करावं लागणार होतं; दुसरा गोलकीपर संघात नव्हताच. मुजीबनं बिरदेवकडं पाहिलं, मग सातारच्या पोरांकडं.

"खेळतोय की सर. काय झालं न्हाई त्याला."

पुढं बिरदेवनं जे अडवलं, ते त्याच्या हातून यंदा कधी झालं नव्हतं. चेंडू येईल तिकडं तो झेपावत होता. मधल्या वेळात मात्र खांबाला टेकून डोळे मिटायचा. एकदा जाळीमागं जाऊन भडाभडा ओकला. पाणी जास्त प्याला असेल, असं मुजीबनं स्वतःला समजावलं आणि तोंड फिरवून कॉर्नर घ्यायला गेला.

शेवटची शिट्टी झाली, तेव्हा साईराज मैदानातच आडवा होऊन रडायला लागला. बाकीची पोरं बिरदेवकडं धावली. कुणीतरी त्याला उचललं. एक पाय मुजीबच्या खांद्यावर आला, दुसरा भलत्याच कुणाच्या. आरडाओरडा करत वरात मैदानाला फेरी घालू लागली. आप्पासो सर टोपी हलवत मागून पळत होते.

वरून बिरदेव वाकला. त्याचा श्वास मुजीबच्या कानाला लागला.

"मुजीब, खाली उतरवा रं मला. मॅच सुरू व्हायची हाय."

पोरं खदखदून हसली. मुजीबच्या खांद्यावरचा पाय हळूहळू जड होत चालला होता.