प्रिंटरची पूजा

प्रिंटर कुरकुरला, त्यानं कागद अर्धा आत ओढला आणि थांबला.

"आता काय झालं याला?" यशोधननं लॅपटॉप बाजूला सारला. तासभर तो त्या नव्या प्रिंटरशी झगडत होता. वायफाय सापडत नव्हतं ते सापडलं, शाई बसत नव्हती ती बसली, आणि पहिलंच टेस्ट पेज निघायच्या वेळी हे.

सुहासिनीबाई सोफ्यावर मेथी निवडत होत्या. लेकाच्या कामात तोंड घालायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सोमवारी त्यांच्या हातून गॅस चालू राहिला, पातेल्याचा कोळसा झाला, आणि स्मोक अलार्मच्या बोंबेनं शेजारची म्हातारी गाऊनवर धावत आली. तेव्हापासून घरात त्यांना एकटं ठेवत नव्हते. शुक्रवारी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं होतं. "नुसती मेमरी चेक करतात गं," यशोधन म्हणाला होता. नुसती म्हणे! त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली होती.

यशोधननं मोबाइलचा टॉर्च लावून कागदाच्या खाचेत डोकावून पाहिलं. मग बायकोचा, वैभवीचा, भुवयांचा चिमटा आणला आणि आतून काहीतरी ओढून काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवानं लालसर झालेला.

"ह्या अक्षता आहेत," तो म्हणाला. "आई, तू पूजा केलीस का ह्याची?"

सुहासिनीबाई आठवू लागल्या.

केली का? सकाळी उठून चहा घेतला, अंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला. अक्षतांची वाटी हातात घेतली होती. पण ती आज, की काल? घेऊन परत जागेवर ठेवली, की तशीच इकडे आणली? नागपूरला फ्रिज आला तेव्हा त्यांनीच पूजा केली होती. इथं बर्मिंगहॅमला वॉशिंग मशिन आलं तेव्हाही त्यांनीच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथं चोरी केली की नाही तेच आठवेना. त्यांनी पुन्हा चहापासून सुरुवात केली. दिव्यापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं, त्यापुढे काहीच नव्हतं. पातेलंही असंच आठवलं नव्हतं.

यशोधन बघत होता. 'आठवत नाही' म्हणायची सोय नव्हती. 'नाही' म्हणावं आणि आपणच केलेलं निघावं, ते तर त्याहून वाईट.

"हो, केली," त्या ताठ बसून म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली की पूजा करतात. तुझ्या इंग्लंडात प्रिंटरला काय सुतक असतं?"

यशोधन खो खो हसला. आठवड्यात पहिल्यांदाच. "अगं, मग सांगायचं ना! मी इथे ड्रायव्हर रिइन्स्टॉल करत बसलोय!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली. देठ जरा जोरातच खुडले.

"अजून काय काय ठेवलं होतंस ह्याच्यावर?" त्यानं प्रिंटरचं झाकण उघडलं. "सगळं सांग, म्हणजे काढून टाकतो. नाहीतर आतला रोलर तुटायचा."

पूजा म्हटली की काय काय असतं, ते त्यांनी भराभर आठवून पाहिलं.

"सुपारी," त्या म्हणाल्या. "गणपती म्हणून. एकच. गेली असेल घरंगळत."

"सुपारी?" त्यानं प्रिंटर उचलून उलटा केला आणि हलवला. दोन-तीन दाणे पडले. त्यानं पुन्हा हलवला. सुपारी पडेना. "नक्की ना आई?"

"नक्की म्हणजे काय, मीच ठेवली ना!" म्हणाल्या खऱ्या, पण मनात धावा चालला होता. देवा, एक सुपारी पडू दे त्यातून.

तेवढ्यात वैभवी जिन्यावरून खाली आली. वरच्या खोलीत तिची ऑफिसची मीटिंग संपली होती, हेडफोन गळ्यातच होते. उलटा प्रिंटर पाहून ती थबकली.

"अगं, आईनं प्रिंटरची पूजा केलीय," यशोधन म्हणाला. "आता सुपारी शोधतोय."

"आईंनी? नाही रे, मी केली." वैभवीनं जीभ चावली. "सकाळी, तू शॉवरमध्ये होतास ना, तेव्हा. आई उठल्याही नव्हत्या. तू ओरडशील म्हणून कुंकूबिंकू नाही लावलं, नुसत्या अक्षता टाकल्या. सुपारी कुठली?"

क्षणभर सुहासिनीबाईंना नुसता आनंद झाला. म्हणजे आपण विसरलोच नव्हतो! काही केलंच नव्हतं, मग आठवणार काय? डोकं ठिकाणावर आहे. त्या हसून काही बोलणार होत्या, तोच त्यांचं लक्ष दोघांकडे गेलं. दोघंही हसत नव्हती. वैभवी यशोधनकडे पाहत होती आणि यशोधन खाली, हातातल्या प्रिंटरकडे.

"अरे, मी खोटं बोलले," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "तू एकदम विचारलंस, मी घाबरले. म्हटलं, नाही म्हणावं तर... मला सगळं आठवतंय रे. मी हात नाही लावला त्याला."

वैभवी येऊन त्यांच्याजवळ बसली. मांडीवरचं मेथीचं ताट तिनं अलगद उचलून घेतलं.

"सुपारीचं मी मनानंच सांगितलं," बाई म्हणाल्या. "यशोधन, ऐकतोयस ना?"

त्यानं आवाज न करता प्रिंटर टेबलावर ठेवला. लहानपणापासून तो आईशी हुज्जत घालत आला होता, मिठापासून मतदानापर्यंत. आताही ओरडेल, असं त्यांना वाटलं. खोटं कशाला बोललीस म्हणून चांगला खडसावेल. त्या वाट पाहत राहिल्या.

"हो आई," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं."