शीतलचा राऊंड

सकाळी साडेसहाला शीतल गोल्फच्या मैदानात पहिल्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेजवळ, दगडावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर अठराही होल लिहून राहिली होती. कुठं किती मारायचं, कुठं मुळीच जोर लावायचा नाही, सगळं.

रामाकोन्याच्या टेकडीवरचं हे मैदान सगळ्यांसाठी खुलं. तिकीट काढलं की कोणीही खेळावं. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. नुसते उंचवटे, मुरूम, कमरेइतकं कुसळी गवत आणि कन्हान नदीकडून येणारा वारा. नऊ वर्षं शीतलनं इथं लोकांच्या बॅगा उचलल्या, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पाणी घातलं. आज स्पर्धेच्या यादीत पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव होतं. पहिल्या तिघांत आली तर पोरींना खेळ शिकवायची जागा तिला मिळणार होती. नाही तर उद्यापासून पुन्हा बॅगा. त्या बॅगांचा तिला आता मनापासून वीट आला होता.

नवरा अंकुश संत्र्याच्या बागेतलं काम सोडून आज तिची बॅग धरायला आला होता. त्यानं कागदात डोकावून पाहिलं.

"चौथ्या होलवर तीन फटके काऊन? सारे लोक दोन मारतेत."

"सारे लोक नाल्यावरून मारतेत. मंग अर्धे नाल्यात उतरतेत बॉल पाहाले. मी डाव्या उंचवट्यावर टाकीन. तिथून जमीनच नेते त्याले खाली."

"भेऊन राहिली का?"

"भेली असती तर घरी सैपाक करत बसली असती."

अंकुशनं बॅग खांद्यावर घेतली. पाइपाचं पाणी सोडलं की ते कुठून कुठं धावते, हे या बाईनं नऊ वर्षं पाहिलं होतं. मैदानाचा उतार तिच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

तेवढ्यात वीरेंद्रभाऊ आले. पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. नऊही वर्षं स्पर्धेत शीतल त्यांचीच बॅग उचलत आली होती, आणि त्यांनी जिंकलेल्या तिन्ही कपांमागं डोकं तिचंच होतं. आज बॅग भाऊराव नावाच्या नव्या माणसाकडं होती, आणि शीतल त्यांच्याच गटात खेळणार होती. पण सवय कुठं जाते?

"शीतल, चौथ्यावर काय करू?"

खोटं सांगावं असं तिला वाटलं. खोटं कशाला बोला, फार वाटलं. अंकुश तर मुद्दाम खोकलाही.

"वारा तोंडावर राहीन," ती म्हणाली. "तुमचा बॉल उंच जाते, मंग उजवीकडं सरकते. झेंड्याच्या डावीकडं वीस पावलं धरा अन् नाल्यावरून मारा."

वीरेंद्रभाऊंनी मान हलवली आणि ते हातमोजा चढवत पुढं गेले.

"सांगतलं काऊन त्यायले?" अंकुश चिडला.

"त्यायचा डाव त्यायले देला. माहा माह्यापाशी हाये."

नावं पुकारली गेली. पहिले वीरेंद्रभाऊ. त्यांनी झोकात मारला. बॉल दोन उंचवटे ओलांडून गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बॉलवरची नजर न हलवता त्यांनी हातातली स्टिक, बॅग धरणाऱ्यानं घ्यावी म्हणून, नेहमीसारखी मागं धरली.

मागं शीतल उभी होती. भाऊराव बिचारा नवा, दूर बॅगेपाशी थांबलेला. शीतलचा हात अर्ध्यावर उठला, तिचा तिलाच राग आला, आणि तिनं तो खाली घेतला.

वीरेंद्रभाऊंनी स्टिक सोडली. ती मुरमावर खणकन पडली. त्यांनी चमकून मागं पाहिलं.

"सरका, भाऊ," शीतल म्हणाली. "आता माहा नंबर हाये."