हौसाच्या बांगड्या

बायको गेल्यापासून गहिनीनाथची सात वर्षांची हौसा तिसगावला मामाकडे होती. मामी तिला मारते असं बहात्तर साली कानावर आलं, तसा तो पोरीला आणायला गेला. मेहुण्याने त्याला दारातूनच परतवलं.

"दाजी, बाईमाणसाबिगर पोर सांभाळताय व्हय?"

गहिनीनाथने नगरच्या कोर्टात दावा लावला. वकील म्हणाले, "मारल्याचा पुरावा लागेल."

मग दर बाजारी तो राहीबाई कासारणीबरोबर हौसासाठी डझनभर बांगड्या धाडू लागला. बांगड्या भरताना राहीबाईला पोरीचा हात तेवढा बघायला मिळायचा.

"मागच्या बाजारी बारा भरल्या हुत्या, आज तीनच हाईत. मनगट लई सुजलंय," राहीबाई येऊन सांगायची. तो पुन्हा डझनभर द्यायचा.

शेवटी राहीबाईच्या साक्षीवर पोर त्याला मिळाली. घरी आल्यावर त्याने हौसेने नव्या बांगड्या पुढे केल्या, तर पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"नको आप्पा. बांगडी फुटली की मामी आणखी मारायची."

गहिनीनाथने बांगड्या बाजूला ठेवल्या. "मग काढून का न्हाई ठेवल्यास, बाळा?"

"तुमी धाडल्या हुत्या ना."