जिवंतांच्या यादीतलं नाव

ग्रीसच्या लेस्वोस बेटावरच्या चर्चमध्ये फादर अनारगिरोस हातातल्या यादीकडे पाहत उभे होते. प्रार्थनेत वाचायची मृतांची यादी वेगळी, जिवंतांची वेगळी. जिवंतांच्या यादीत पेलागिया आजींनी आज एक नाव वाढवलं होतं : नुरजान.

"आजी, हे नाव तुर्की आहे. इथे फक्त ख्रिस्ती लोकांची नावं वाचतात."

"माझ्या मावशीची नात आहे ती. एकोणीसशे बावीस साली तुर्की सैन्यापासून पळताना स्मिर्ना बंदराच्या धक्क्यावर माझ्या आईच्या हातून सुटलेली चार वर्षांची मावशी. आम्ही तिला मृतांच्या यादीत वाचत राहिलो, आणि ती तिकडे तुर्कस्तानात वाढून नातवंडं खेळवत होती!"

"कोण म्हणतं?"

"माझी थुंकी! माझ्या नातीने डीएनए तपासायला प्रयोगशाळेत पाठवली होती. त्या लोकांनी मला अर्धी तुर्कस्तानातल्या अनातोलियाची ठरवलं, नुरजानला पाव ग्रीक. रक्त एकच, फादर, आणि दोघींना दोन काठांवर बसवलं. खाली मात्र लिहिलंय, या एकमेकींच्या नात्यातल्या." आजींनी यादीतल्या नावावर बोट ठेवलं. "वाचाल ना तिचं नाव?"

फादर वेदीकडे निघाले. त्यांचे ओठ हलत होते. ते अनोळखी नाव बिनचूक उच्चारता यावं म्हणून ते पुन्हा पुन्हा पुटपुटून पाहत होते.